'आई, इथे असंच असतं' असं लेक म्हणते तेव्हा

सांगलीच्या एका आईचं पत्र आलं आहे. मजकूर थोडक्यात देते.

"माझी मुलगी २९ वर्षांची. तीन वर्षांपासून मेक्सिकोत ग्वादालाहारा शहरात संगणक कंपनीत नोकरी करते. तिथल्याच एका मुलाशी लग्न करायचं म्हणते. मुलगा शिकलेला, कमावता, बोलायला गोड. हॉटेलचं बिल तिला कधी भरू देत नाही, रात्री दारापर्यंत सोडतो. पण गेल्या महिन्यात ती ऑफिसच्या जेवणाला गेली, बरोबर पुरुष सहकारी होते, तर याने रात्रीत पाच फोन केले आणि नंतर दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी वाजंत्री घेऊन तिच्या खिडकीखाली आला, गाणी म्हटली, रडला. मुलगी म्हणते, 'आई, इथे असंच असतं. प्रेम असतं म्हणून जळतात.' माझा भाऊ म्हणतो, ते लोक माचो, बायकांना मारणारे, आत्ताच मोडून टाका. तिचे वडील काहीच बोलत नाहीत. हा त्याचा स्वभाव की त्यांची संस्कृती, हे मी कसं ओळखू? होकार देऊ का?"

ताई,

तुमच्या पत्रातल्या पाच फोनांनी मला काळजी वाटली, पण त्याहून जास्त काळजी वाटली ती लेकीच्या त्या एका वाक्याची. 'इथे असंच असतं.' लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या आपल्या मुलीही पहिल्या दिवाळीला माहेरी आल्या की हेच म्हणतात, आणि आई पुढे काही विचारायची थांबते. म्हणून आधी तिथे नेमकं कसं असतं ते सांगते. मी मेक्सिको शहरात चार वर्षं राहिले आहे, पुण्यात बरीच वर्षं स्पॅनिश शिकवलं आहे, आणि या विषयावर तिथल्या मैत्रिणींशी रात्र रात्र बोलले आहे.

'माचो' म्हणजे नर. जनावरांतला नर म्हणायला स्पॅनिशमध्ये हाच शब्द. तुमच्या भावाला वाटतं तसा तो मेक्सिकन पुरुषाला जन्मापासून चिकटलेला नाही. अमेरिको पारेदेस नावाचे लोकसाहित्याचे थोर अभ्यासक होऊन गेले. त्यांनी मेक्सिकोचे जुने पोवाडे धुंडाळले, कोरिदो म्हणतात त्यांना. १९१० च्या क्रांतीतल्या शूरांची वर्णनं त्यांत भरपूर आहेत, 'मोठा पुरुषासारखा पुरुष' अशी स्तुतीही आहे, पण 'माचो' हा शब्द जवळपास नाही. तो चढला १९४० च्या दशकात. तेव्हा राष्ट्राध्यक्ष होते मानुएल आव्हिला कामाचो, आणि 'कामाचो'शी 'माचो'चं यमक फार सहज जुळायचं. त्याच सुमाराला सिनेमाने रुंद टोपीचा, पिस्तूलवाला, टकीला पिऊन गाणारा घोडेस्वार घरोघरी नेला. त्याला 'चारो' म्हणतात. क्रांतीत विस्कटलेल्या देशाला एक चेहरा हवा होता, तो या घोडेस्वाराचा मिळाला. आणि हा घोडेस्वार हालिस्को प्रांताचा. ग्वादालाहारा ही हालिस्कोची राजधानी. तुमची लेक त्या चेहऱ्याच्या गावातच राहते आहे. खिडकीखालची वाजंत्री, तिला मारियाची म्हणतात, तीही त्याच मातीतली.

ओक्ताव्हियो पाझ हे नाव तुमच्या कानावर असेल. १९६२ ते १९६८ ते दिल्लीत मेक्सिकोचे राजदूत होते, आणि १९६८ मध्ये मेक्सिकोच्या सरकारने तिथल्या विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या म्हणून त्यांनी पद सोडलं. १९५० मध्ये त्यांनी मेक्सिकन मनाबद्दल लिहिलं, त्यातला एक शब्द तुमच्या पत्राला अगदी लागू पडतो: 'राहादो'. म्हणजे तडा गेलेला. जो पुरुष मन उघडं करतो त्याला तडा गेला, तो हरला. खरा पुरुष बंद राहतो. तुमच्या होणाऱ्या जावयाला ऑफिसच्या जेवणाचं वाईट वाटलं, भीती वाटली असेल, तर 'मला भीती वाटली' हे तीन शब्द त्याला जड गेले. दोन दिवसांचा अबोला सोपा गेला. मग गाण्याच्या आडून रडता आलं, कारण गाणं म्हणताना रडणं तिथे पुरुषाला चालतं.

पाझ फार मोठे लेखक. तरी माझी एक तक्रार आहे. त्यांनी हे इतकं सुंदर लिहिलं की वाचणाऱ्याला हा बंद पुरुष जन्मखुणेसारखा कायमचा वाटू लागला. जगभर लोक त्यावरून बोलू लागले, मेक्सिकन पुरुषही स्वतःला त्यात पाहू लागले. 'आम्ही असेच' म्हणायला त्यांना एक नामी आधार मिळाला.

प्रत्यक्षात काय दिसतं? मेक्सिको शहराच्या दक्षिणेला सान्तो दोमिंगो नावाची वस्ती आहे. १९७१ मध्ये हजारो गरीब कुटुंबांनी तिथल्या लाव्हाच्या काळ्या खडकावर रातोरात ताबा घेतला. पाणी नाही, वीज नाही. बायका पाणी वाहायच्या, पोलिसांसमोर उभ्या राहायच्या, कचेऱ्यांत भांडायच्या. मग पोरांना कोण सांभाळणार? १९९० च्या दशकात मॅथ्यू गुटमन नावाचे अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ तिथे राहायला गेले, तर त्यांना पोरं कडेवर घेतलेले बाप गल्लोगल्ली दिसले. म्हातारे पुरुष अभिमानाने स्वतःला माचो म्हणायचे, पण त्यांच्या लेखी त्याचा अर्थ शब्दाला जागणारा, घर चालवणारा. तरुण मात्र म्हणायचे, 'मी माचो नाही, आणि मांदिलोनही नाही.' मांदिल म्हणजे स्वयंपाकघरातलं ॲप्रन. मांदिलोन म्हणजे बायकोच्या ताटाखालचं मांजर. बघा, या दोन शब्दांच्या मधल्या बोळातून तिथला अख्खा तरुण पुरुषवर्ग चालतो आहे. बायकोला मारणारा म्हणवून घ्यायचं नाही, पण भांडी घासताना मित्रांनी पाहिलं तर जीव जातो.

आपल्याला हे नवं आहे का? तिथे पोरं शर्यत लावताना ओरडतात, 'शेवटी येईल ती म्हातारी!' आपल्याकडे हरलेल्याला 'बांगड्या भर' म्हणतात. मी ज्या घरात भाड्याने राहत होते तिथली मालकीण रोज कोमालपाशी उभी असायची. कोमाल म्हणजे त्यांचा तवा. तव्यावरून फुगलेली तोर्तिया, म्हणजे मक्याची भाकरी, थेट नवऱ्याच्या आणि दोन मुलांच्या ताटात, एकामागून एक, ते उठेपर्यंत. धाकटी मुलगी बसायला लागली की हाक यायची, 'भावाला वाढ आधी.' मला माझी आजी दिसायची, भाकरी थापताना. ताई, भावाला सांगा, त्या घरातला आणि आपल्या घरातला फरक मला तरी मक्याच्या आणि ज्वारीच्या पिठाइतकाच दिसला.

तरीही तुमचा भाऊ खोटं बोलत नाही, हेही मी स्पष्ट सांगते. मेक्सिकोच्या सरकारी सांख्यिकी संस्थेने २०२१ मध्ये पाहणी केली. १५ वर्षांवरच्या बायकांपैकी ७०.१ टक्क्यांनी आयुष्यात कधी ना कधी कुठल्या तरी प्रकारची हिंसा सोसल्याचं सांगितलं, घरात, शाळेत, कामावर, रस्त्यावर. नवऱ्याकडून किंवा जोडीदाराकडून सोसल्याचं सांगणाऱ्या ३९.९ टक्के. त्यात बोलून केलेला छळही धरला आहे. आणि सिउदाद हुआरेझचं नाव मी कधी विसरणार नाही. अमेरिकेच्या सीमेवरचं, कारखान्यांचं शहर. २००१ च्या नोव्हेंबरमध्ये तिथल्या एका जुन्या कापसाच्या शेतात आठ स्त्रियांचे मृतदेह सापडले. त्यातल्या मुलींच्या आया हरवल्याची तक्रार घेऊन गेल्या होत्या, तेव्हा अधिकाऱ्यांनी सांगितलं होतं की गेली असेल कुणा मुलाबरोबर. २००९ मध्ये आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयाने मेक्सिको सरकारला दोषी धरलं, आणि स्त्रियांबद्दलच्या या ठरीव समजुतींमुळे तपास ढिला राहिला हे निकालात नोंदवलं. 'मुली अशाच असतात', 'इथे असंच असतं', हे खुर्चीत बसलेला माणूस म्हणतो तेव्हा त्याचा परिणाम तिथवर जातो.

म्हणून लेकीला हे सांगा की तिथल्या बायकांनी 'असंच असतं' मानलेलं नाही. नवऱ्याने बायकोवर केलेली जबरदस्ती हा बलात्कारच, असं मेक्सिकोच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये ठरवलं, अकरा वर्षांपूर्वीचा स्वतःचाच उलटा निर्णय फिरवून. आपल्या कायद्यात सज्ञान बायकोच्या बाबतीत ती सूट अजून आहे. २००७ मध्ये हिंसामुक्त आयुष्याच्या हक्काचा स्वतंत्र कायदा झाला. ८ मार्च २०२० ला महिला दिनाच्या मोर्च्यात रस्ते स्त्री चळवळीच्या जांभळ्या रंगाने भरून गेले, आणि दुसऱ्या दिवशी असंख्य बायका कामावर, दुकानात, रस्त्यावर दिसल्याच नाहीत. बायकांविना एक दिवस कसा असतो ते देशाला दाखवायला त्या घरी बसल्या. बायकोमुलांची पोटगी थकवणाऱ्याला किंवा घरात हिंसा केल्याची शिक्षा झालेल्याला सरकारी पदावर बसता येऊ नये, यासाठी २०२३ मध्ये राज्यघटना बदलली. आणि ज्या देशात बायकांना राष्ट्रीय निवडणुकीत मत द्यायचा हक्क १९५३ साली मिळाला, तिथे १ ऑक्टोबर २०२४ ला क्लाउडिया शेनबाम पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष झाल्या.

स्पॅनिश बोलणारे देश वीस, आणि त्यांना एकाच मापात बसवता येत नाही. स्पेनमध्ये २०२१ मध्ये बापाला आईइतकीच १६ आठवड्यांची बाळंतपणाची रजा मिळू लागली, मेक्सिकोत कायद्याने पाच दिवस. कोलंबियाची राजधानी बोगोता इथे पुरुषांसाठी फोनची एक मदतवाहिनी आहे, राग आणि मत्सर आवरत नसेल तर बोलायला. 'राहादो' व्हायला फोन नंबर आहे, असं मी तिथल्या मैत्रिणीला म्हटलं तेव्हा ती हसली नाही, तिचे डोळे भरून आले.

ताई, संस्कृती हे घराघरात चाललेलं भांडण आहे. तिथे कोमालपाशी उभी राहणारी आई आहे, आणि 'मी नाही वाढणार' म्हणणारी मुलगीही आहे. दोघी मेक्सिकनच. तेव्हा हा मुलगा मेक्सिकन आहे की नाही याने तुमचं काही ठरणार नाही. त्या भांडणात तो कुणाच्या बाजूने उभा आहे, तेवढं पाहायचं.

आता अबोल्याकडे येते. मेक्सिकोच्या राष्ट्रीय पॉलिटेक्निक संस्थेने २००९ मध्ये एक साधी गोष्ट तयार केली: शाळेतल्या पट्टीसारखी पट्टी. नाव 'व्हियोलेन्तोमेत्रो', हिंसामापक म्हणू या. पट्टीवर सेंटिमीटरच्या आकड्यांसारख्या प्रेमातल्या वागणुकी लिहिल्या आहेत. सुरुवात बोचऱ्या चेष्टेपासून. मग भावनिक दबाव, खोटं बोलणं, अबोला, मत्सर करणं, दोष लादणं. त्याच्या पुढे चारचौघांत अपमान, धमकी, बंदी घालणं. मग वस्तू फोडणं, 'गमतीत' मारणं, ढकलणं, थोबाडीत मारणं. शेवटच्या रेघेवर खून. कॉलेजातल्या पोरी ही पट्टी वहीत ठेवतात. अबोल्याला तिथे 'बर्फाचा कायदा' म्हणतात, आणि तो आणि मत्सर पट्टीवर जवळजवळ आहेत, तुमच्या पत्रात होते तसेच. हा शोध मुंबईचा नाही, न्यूयॉर्कचाही नाही. त्याच्याच देशातल्या बायकांनी, त्याच्यासारख्याच मुलांकडे बघून तो लावला.

याचा अर्थ तो उद्या हात उचलेल असा मी काढत नाही. पहिल्या रेघांवर असलेले बहुतेक लोक पुढे जातात असं ती पट्टीही म्हणत नाही. ती एवढंच म्हणते की हे प्रेमाचं माप नव्हे, आणि इथेच थांबून बोला. आणि ते बोलणं अजून झालेलं नाही. वाजंत्री आली, फुलं आली, शेजाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या, पण 'मी पाच फोन का केले, पुढच्या वेळी काय करीन' हे तो म्हणाला का? चारचौघांसमोर गाणाऱ्याला 'मला अजून राग आहे' म्हणणं मुलीला किती अवघड जातं! म्हणून त्या रात्रीला मी माफी धरत नाही. लेकीने एखाद्या साध्या दुपारी, गाण्याशिवाय, हा विषय पुन्हा काढावा. आणि पुढच्या महिन्यात ऑफिसचं जेवण आलं तर जावं. त्याला वाईट वाटलं आणि त्याने तसं सांगितलं, तर माझ्या लेखी ते फार मोठं पाऊल. पुन्हा बर्फ पडला, किंवा 'कुणाबरोबर होतीस, फोन दाखव' सुरू झालं, तर लग्न लांबणीवर टाका. तारीख ठरली असली तरी, हॉल घेतला असला तरी.

बिलाचंही तसंच. स्पॅनिशमध्ये 'काबायेरो' हा दुसरा पुरुष आहे. मूळ अर्थ घोडेस्वार, आता सभ्य गृहस्थ. दार उघडणारा, रस्त्याच्या बाजूने चालणारा, घरच्यांना जपणारा. ही परंपरा मला मनापासून आवडते, आणि तुमच्या जावयात ती असेल तर आनंद आहे. फक्त एकदा लेकीला म्हणावं, बिल तू भर. त्याचा चेहरा पडला आणि मग तो हसला, तर ठीक. त्याला ते हक्क गेल्यासारखं वाटलं, तर त्या पैशांच्या बदल्यात तो काहीतरी मोजत होता.

तुम्ही मात्र बंदी घालू नका. भावालाही घालू देऊ नका. नको म्हटलंत तर ती तुम्हाला पुढचा अबोला कळवणार नाही, आणि तुम्हाला कळणं हाच या क्षणी तिचा सर्वांत मोठा आधार आहे. तिच्या वडिलांना मात्र बोलायला लावा. त्यांचं गप्प बसणं हेही 'बंद राहणं'च आहे, आणि लेक ते घरातूनच शिकली असेल, की पुरुष गप्प बसला की बायकांनी अर्थ लावायचा.

लग्नाच्या गोष्टी ठरल्याच, तर दोन व्यवहाराच्या बाबी. मेक्सिकोत चर्चमधलं लग्न कायद्याने चालत नाही, सरकारी नोंदणी कचेरीत व्हावं लागतं, आणि त्या वेळी संपत्ती सामाईक की वेगवेगळी हे लिहून द्यावं लागतं. हे दोघांनी आधी बसून, शक्य तर वकिलाशी बोलून ठरवावं. त्या बोलण्यातच त्याची पुष्कळ ओळख होईल. दुसरी गोष्ट तुम्हाला आवडेल. तिथे लग्नानंतर बाई नाव बदलत नाही, आणि मुलांना बापाचं आणि आईचं, दोन्ही आडनावं लागतात. तुमच्या घरचं आडनाव तुमच्या नातवाच्या नावात राहील.

होकार मी आत्ता देऊ नका म्हणेन, नकारही नको. सहा महिने जाऊ द्या. दिवाळीत त्याला सांगलीला बोलवा. चार पाहुण्यांत नाही, तुमच्या रोजच्या घरात. भाऊ त्याच्यावर तोंडसुख घेऊ लागले तर लेकीला नाही, त्यालाच उत्तर देऊ द्या.

आणि त्याआधी त्याच्या आईला फोन लावा. इंग्रजीत विहिणीला शब्द नाही, पण स्पॅनिशमध्ये आहे: 'कोन्सुएग्रा'. लेक दुभाषी बसेल. लग्नाचं काढू नका. जेवण झालं का विचारा, आज काय केलं होतं, तोर्तिया कोण भाजतं, आणि हा मुलगा लहानपणी चिडला की काय करायचा, कोण त्याची समजूत काढायचं. त्याचे वडील चिडले की घरात काय व्हायचं, हे ती न विचारता सांगेल. नाही सांगितलं, बोलता बोलता आवाज बारीक झाला, तर तेही लिहून ठेवा आणि मला पुन्हा पत्र पाठवा.